सुभाषितांच्या वेठीस धरलेला भर्तृहरि

बक्षिससमारंभांत, व्याख्यानाच्या आरंभीं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत भर्तृहरीचा एखादा श्लोक हटकून हजर असतो. विद्या हें थोर धन असून राजांनींहि तिचा मान राखावा, हा त्यांतला विशेष आवडता. परंतु त्याच नीतिशतकांत दुसराहि एक श्लोक आहे. जात, गुण, शील सारें बुडालें तरी चालेल, पैसा तेवढा हवा, ही जगाची रीत त्यांत कवीनें कडवटपणें मांडली आहे. हा श्लोक शाळेच्या फळ्यावर कोणी लिहीत नाहीं. एक उचलावा आणि दुसरा झांकावा, याला निवड म्हणतां येईल, वाचन म्हणतां येणार नाहीं.

या कवीला आपण राजाहि करून टाकलें आहे. राणीनें दगा दिला म्हणून तो राज्य सोडून वनांत गेला, ही कथा घरोघर पोंचली. कथा गोड आहे. श्लोक मात्र तिला साक्ष देत नाहींत. दुष्ट धनिकांचीं बोलणीं सोसलीं, आलेले अश्रु आंतल्या आंत दाबले, मन रितें असतां हसून दाखविलें, ही वैराग्यशतकांतली कबुली कोणत्या राजाची? श्रीमंताच्या देवडीवर ताटकळलेला विद्वानच असें लिहूं शकतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४८ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेल्या आपल्या आवृत्तीसाठीं ३०० हून अधिक हस्तलिखितें पारखलीं. नांवाप्रमाणें तीन शतकांचे श्लोक ३०० व्हावयाचे. सामान्यतः सर्वत्र आढळणारे असे सुमारें २०० च निघाले. म्हणजे आपल्या आवडीचा भर्तृहरि घडविण्याची हौस आजची नव्हे.

कोणी म्हणेल, कोवळ्या मुलांना कडवटपणा कशाला? चांगलें तेवढें द्यावें. पण हाच मुलगा पुढें नोकरीस लागतो, वरिष्ठापुढें मान तुकवितो, विद्येपेक्षां पैशाची चलती पाहतो, आणि पाठ केलेलें सुभाषित खोटें होतें असें समजून तें टाकून देतो. ज्या कवीनें नेमका हाच अनुभव लिहून ठेवला, तो उपयोगी पडावयाच्या वेळीं त्याच्यापाशीं नसतो. कारण आपणच तो अर्धा कापून दिलेला असतो. उपदेश जगाशीं जुळला नाहीं म्हणजे मनुष्य कोडगा होतो. आपल्या आधीं एका थोर मनानें हा अपमान ओळखला होता, एवढें कळलें तर तो निदान एकटा पडत नाहीं.

जाणत्यांना मत्सर, धन्यांना गर्व, इतरांना समज नाहीं. मग चांगला बोल ऐकणार कोण, अशीहि या कवीची तक्रार आहे. ती आम्हां प्राध्यापकांस आणि व्याख्यात्यांस प्रथम लागू आहे. संस्कृत येत नाहीं ही सबबहि चालणार नाहीं. वामनपंडितांनीं १७ व्या शतकांतच हे श्लोक मराठींत आणून ठेवले आहेत. नीति आणि वैराग्य हीं दोन शतकें तरी घरांत क्रमानें, एकहि श्लोक न गाळतां वाचावीं. आणि मुलांनीं अवघड प्रश्न विचारले, तर त्यांना दुसऱ्या सुभाषितानें गप्प करूं नये.