कलमांचे आंकडे कोणाच्या मालकीचे?

सन १८६० चा भारतीय दंडविधान कायदा ता. १ जुलै २०२४ रोजीं अस्तास गेला व त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. जुन्या कायद्याचीं ५११ कलमें होतीं. नव्याचीं ३५८ आहेत. व्याख्या सुधारल्या कीं बिघडल्या, हा वाद वकील मंडळी घालीतच आहेत व तो त्यांनीं खुशाल घालावा. आमची तक्रार निराळी, आणि वरवर पाहतां क्षुल्लक भासणारी आहे. ती कलमांच्या आंकड्यांविषयीं आहे.

खुनाच्या शिक्षेचें कलम ३०२, हें कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसासही ठाऊक असे. आतां तें १०३ झालें. बरें, ३०२ हा आंकडा तरी रिकामा ठेवावा! तसें नाहीं. नव्या संहितेंत तो दुसऱ्याच्या धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर दुखविणाऱ्या उद्गारांस बहाल केला आहे. आणि जुन्या कायद्यांत १०३ वें कलम कोणतें होतें? मालमत्तेच्या बचावाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत केव्हां पोहोंचतो, हें सांगणारें! म्हणजे ज्या आंकड्याखालीं एके काळीं मनुष्यवध क्षम्य ठरे, त्याच आंकड्याखालीं आतां फांशी वा जन्मठेप आहे. फसवणुकीचें ४२० तर ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमांत जाऊन बसलें. (लोकांच्या तोंडीं मात्र चारसोबीसच राहील, तेथें कोणत्याही विधिमंडळाची मात्रा चालत नाहीं.)

यावर उत्तर ठरलेलें आहे : जुन्या-नव्या कलमांचीं तुलनात्मक कोष्टकें निघालीं आहेत, तीं पाहावीं. पण कोष्टक पाहावयास हवें ही शंकाच ज्यास येत नाहीं, त्यास कोष्टक काय करणार? आंकडा नाहींसा झाला तर वाचक थबकतो, चौकशी करितो. तोच आंकडा निराळ्या अर्थानें जिवंत असला, तर तो निःशंक मनानें चुकीच्या दारीं जातो. दीडशेंहून अधिक वर्षांचे निवाडे व टीकाग्रंथ छापून झाले आहेत. ते आतां कोण दुरुस्त करणार? शिवाय नवा कायदा येण्यापूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांस जुनाच कायदा लागू आहे. तेव्हां एकाच न्यायालयांत, एकाच दिवशीं, दोन ३०२ नांदूं शकतात.

मांडणी बदलूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. स्त्रिया व बालकें यांच्याविरुद्धचे गुन्हे पुढें आणिले, हें योग्यच झालें. पण जुना कायदा ५११ वर संपत होता. नवा ५१२ पासून मोजला असता तर काय बिघडलें असतें? दिसावयास चमत्कारिक दिसलें असतें, एवढेंच. आमच्या राज्यघटनेनें असला चमत्कारिकपणा आनंदानें पत्करला आहे. मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा ३१ वा अनुच्छेद ४४ व्या घटनादुरुस्तीनें १९७९ सालीं गेला. पण त्याची जागा कोणास दिली नाहीं. तो हक्क साध्या कायदेशीर हक्काच्या रूपानें ३००-क म्हणून दूर जाऊन राहिला. २००२ च्या दुरुस्तीचा शिक्षणाचा हक्क २१-क म्हणून मधल्या जागेंत शिरला, आणि पुढील एकाही अनुच्छेदास आपलें घर सोडावें लागलें नाहीं.

ग्रंथसंपादकांनीं तर ही शिस्त फार पूर्वींच पाळिली. प्लेटोचे संवाद आंरी एतिएन यानें १५७८ सालीं छापिले. ती आवृत्ति आज क्वचितच कोणी उघडतो. पण तिचे पृष्ठांक आजच्या आवृत्त्यांच्या व भाषांतरांच्या समासांत छापलेले असतात, व ‘रिपब्लिक’ आजही ३२७ व्या पृष्ठावरच सुरू होतें. आमच्या पुण्याचेंच उदाहरण घ्या. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारतांत भीष्मपर्वांतील गीतेचा पहिला अध्याय २३ वा आहे. प्रचलित पाठांत तो २५ वा होता. तरी गीतेचा संदर्भ चुकत नाहीं, कारण तिचे स्वतःचे अध्याय व श्लोकांक कोणीं हालविले नाहींत. महाभारताच्या इतर अध्यायांचा आंकडा पाहतांना मात्र आवृत्ति कोणती, हें आधीं विचारावें लागतें.

झालें तें आतां फिरत नाहीं. निदान सरकारनें संहितेच्या अधिकृत प्रतींतच प्रत्येक कलमाच्या समासांत जुना आंकडा छापावा, आणि वकिलांनीं व वृत्तपत्रांनीं कायद्याचें नांव घेतल्यावांचून नुसता आंकडा लिहूं नये. शाईचा खर्च फारसा येणार नाहीं.