प्रशिक्षकाला तोलावे कसे? चंद्रकांत पंडितांच्या कारकिर्दीवरून एक विचार

१/ जानेवारी २०१७. इंदूरच्या होळकर मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईचा पराभव केला. मुंबईचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. आदल्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबईने हा करंडक जिंकला होता.

२/ १ जानेवारी २०१८. तेच इंदूर, तेच मैदान. विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून नमवले आणि आपला पहिला रणजी करंडक उचलला. प्रशिक्षक होते पंडितच. वर्षभरात माणूस तोच राहिला होता. त्याच्या हाती असलेले खेळाडू मात्र बदलले होते.

३/ विदर्भाने मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश या अनुभवी फलंदाजांना बाहेरून आणले होते. पण अंतिम सामन्याच्या वेळी उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेत होता. त्या सामन्यात कोवळ्या आदित्य ठाकरेला पदार्पणाची संधी मिळाली, रजनीश गुरबाणीने हॅट्‌ट्रिक साधली आणि अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. पुढच्याच हंगामात विदर्भाने करंडक राखला.

४/ २०२२ मध्ये मध्य प्रदेशात याचीच पुनरावृत्ती झाली. व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघात गेले होते. तरीही यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार यांच्या शतकांच्या बळावर मध्य प्रदेशाने बंगळुरूत ४१ वेळच्या विजेत्या मुंबईला हरवले. याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेशाने कर्नाटकाविरुद्ध गमावला होता. तेव्हा कर्णधार पंडित होते.

५/ येथे एक आक्षेप रास्त आहे. विदर्भाच्या यशामागे तेथील क्रिकेट संघटनेने उभारलेली अकादमीही होती, आणि पंडितांची कडक शिस्त सर्वांनाच मानवली असे नाही. सारे श्रेय एकाच व्यक्तीला देणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. मग सारे अपयश तरी एकाच व्यक्तीच्या माथी का मारावे?

६/ कोलकाता नाइट रायडर्सची तीन वर्षे पाहावीत. पंडित मुख्य प्रशिक्षक असताना २०२३ मध्ये संघ सातवा आला, २०२४ मध्ये विजेता ठरला आणि २०२५ मध्ये आठवा. मधल्या काळात मार्गदर्शक गौतम गंभीर भारतीय संघाकडे गेले आणि महालिलावात संघ विखुरला. विजेता कर्णधार श्रेयस अय्यर पंजाबकडे गेला. त्या संघाने २०२५ ची अंतिम फेरी गाठली. जुलै २०२५ मध्ये पंडित कोलकात्यापासून वेगळे झाले.

७/ केवळ करंडक मोजले, तर एकच माणूस एका वर्षी थोर आणि दुसऱ्या वर्षी निरुपयोगी ठरतो. त्याहून न्याय्य असे दोन प्रश्न आहेत. मोठे खेळाडू निघून गेल्यावर उरलेल्यांकडून त्याने काय करवून घेतले? आणि तो स्वतः गेल्यावर मागे काय उरले? विदर्भाने २०२४-२५ मध्ये उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखाली तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या संघाचा कर्णधार होता अक्षय वाडकर.

८/ पंडितांचे गुरू रमाकांत आचरेकर यांनी शारदाश्रमाचा संघ घडवला. १९८८ मध्ये याच संघाच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने हॅरिस शील्डमध्ये नाबाद ६६४ धावांची भागीदारी रचली. ती मुलेही शाळा सोडून पुढे गेलीच. शालेय प्रशिक्षकाच्या वाट्याला हे दरवर्षी येते: घडवलेला खेळाडू जातो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

९/ पनवेलजवळच्या विचुंब्यासारख्या गावातही शाळेच्या संघातील दहावीची मुले दर उन्हाळ्यात निघून जातात. जूनमध्ये नवी मुले हाती घेणाऱ्या शिक्षकाला विचारायचा प्रश्न ‘यंदा किती ढाली आणल्या?’ हा नसावा. ही मुले आली तेव्हा त्यांना काय येत होते आणि जाताना काय येते, हे त्याला विचारावे. पंडितांनाही याच मापाने मोजणे न्यायाचे होईल.