मोबाइल काढून घेतला, पुढे काय?

मुलीच्या मोबाइलमध्ये अश्लील चित्रफीत सापडली, की आपल्या घरांत तीन निर्णय ठरलेले असतात. मोबाइल काढून घ्या, शाळा बंद करा, स्थळ पाहा. तेच भावाच्या मोबाइलमध्ये सापडले तर 'उम्र ही ऐसी है' म्हणून विषय मिटतो. बिघडते ती फक्त मुलगीच का?

परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पीटर आणि वाल्केनबर्ग या अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी १९९५ ते २०१५ या काळातील किशोरवयीनांवरील अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अशा चित्रफिती पाहणे आणि लैंगिक संबंधांविषयीची सैल मते, स्त्री-पुरुषांविषयीच्या ठोकळेबाज समजुती यांचा संबंध त्यांना आढळला. मात्र कशामुळे काय घडले, हे ठामपणे सांगता येत नाही, असेही त्यांनी नोंदवले. आपण मात्र मुलीला थेट बदचलन ठरवून मोकळे होतो.

माझी भीती वेगळी आहे. निकाहात मुलीची रजामंदी विचारल्यावाचून काजी पुढे जात नाही. त्या चित्रफितींत बाईला सहसा कुणी काही विचारतच नाही. हेच वैवाहिक जीवन, असे समजून मुलगी सासरी गेली, तर नवऱ्याच्या जबरदस्तीला ती जबरदस्ती तरी म्हणेल का?

तिला दुसरे काही कुणी सांगितलेच नाही, हा गुन्हा आपला. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही एका वर्षी प्रजननाचा पाठ 'घर पर पढ लेना' म्हणून उलटला. मुलींनी घरी वाचले नाही, पाहिले.

'हया' आड येते म्हणणाऱ्यांना विचारते : हैज आणि गुस्लचे मसले उघडपणे मांडणारे 'बहिश्ती जेवर' आपणच मुलींना जहेजमध्ये देत आलो ना? दीन समजून घेताना अन्सार स्त्रियांना लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांचे कौतुकच केले. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. आता कुणाची परवानगी हवी आहे?

अम्मींनो, मोबाइल जरूर काढून घ्या. पण आधी तिच्याजवळ बसा, बोला. आणि मुलालाही हाक मारा.