चकाकत्या बोनेटवरची धूळ काय सांगते?

गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी घ्यायची, नाहीतर असलेली गाडी पॉलिश करून पूजेला उभी करायची, ही परभणी जिल्ह्यातल्या अनेक घरांची रीत. वॉशिंग सेंटरवर तासभर घासून मेण चढवलेली काळी गाडी आरशासारखी चमकते. ती दारात येऊन उभी राहते न राहते, तोच बोनेटवर राखाडी थर दिसू लागतो. मग ठरलेली तक्रार ऐकू येते, ‘मेणच हलकं होतं, धूळ ओढतंय.’ दुकानदार पुढच्या वेळी ‘अँटी-स्टॅटिक’ असे लिहिलेली महागडी बाटली पुढे करतो. तक्रार निम्मी खरी आहे. उपाय मात्र चुकीच्या जागी शोधला जातो.

आधी खरा भाग पाहू. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. गाडीवर तेच घडते. गाडीचा पत्रा धातूचा असला, तरी रंगावरचा पारदर्शक थर प्लास्टिकच्या जातीचा असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. त्यावर मेण चढते, तेही विद्युतरोधक. पुसायला घेतलेले मायक्रोफायबरचे फडके पॉलिस्टर आणि नायलॉनचे. हे पदार्थ एकमेकांवर घासले की इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि पृष्ठभागावर विद्युतभार साठतो. हवेतला धुळीचा कण जवळ आला, की त्याच्यातील धन आणि ऋण भार किंचित सरकतात. विरुद्ध भाराची बाजू गाडीकडे वळते आणि कण ओढला जातो. कण जितका बारीक, तितके त्याचे वजन नगण्य आणि चिकटणे घट्ट.

मग हाच त्रास जुलैत रत्नागिरीला का जाणवत नाही? कारण दमट हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो आणि त्यावाटे भार निघून जातो. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी पडते. भाराला वाटच मिळत नाही. गाडीतून उतरताना दाराला हात लागताच बसणारा चटका याच काळातला.

पण सगळा दोष स्थिर विजेवर टाकता येत नाही. घासल्याने आलेला भार कायमचा नसतो. तो हळूहळू ओसरतो. पॉलिश केल्यावर लगेच बसलेली धूळ त्याच्या खात्यावर टाकता येईल, चौथ्या दिवशीची नाही. नीट न पुसलेले, उन्हाने मऊ झालेले जादाचे मेणही कण धरून ठेवते. शिवाय चकचकीत काळ्या पृष्ठभागावर जी धूळ उठून दिसते, ती पांढऱ्या गाडीवर तितकीच असूनही नजरेत भरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेण धूळ तयार करत नाही. ती हवेत आधीच असते. बोनेट फक्त तिचा हिशेब मांडते.

ही धूळ येते कुठून? जिल्ह्याची जमीन बेसाल्टपासून बनलेली काळी, भारी, चिकणमातीची. ओली असताना पायाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. चिकणमातीचे मूळ कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. शेतात ते ढेकळांत बांधलेले असतात. पण ट्रॅक्टरच्या चाकांना लागून हीच माती डांबरी रस्त्यावर येते आणि दिवसभर टायरखाली दळली जाते. त्यात रस्त्याच्या कडेचा मुरूम, उघड्या टिपरमधून सांडलेली वाळू, बांधकामाचा सिमेंट-चुरा, टायर आणि ब्रेकची झीज मिसळते. प्रत्येक वाहन हे पीठ पुन्हा उडवते. परभणी-गंगाखेड रस्ता असो की पाथरी-मानवतकडचा, उन्हाळ्यात कडेच्या झाडांची पाने ज्या रंगाची दिसतात, तोच रंग बोनेटवर उतरतो.

गाडी धुता येते, फुप्फुस धुता येत नाही. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासनलिकांपर्यंत जातात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत. दमा, जुनाट खोकला आणि हृदयविकार असलेल्यांना त्याचा त्रास अधिक. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार हवेतील पीएम १० चे वार्षिक प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. ‘ही तर शेतातली माती, आपले वाडवडील यातच जगले’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण वाडवडिलांच्या काळात ही माती रात्रंदिवस टायरखाली दळली जात नव्हती आणि तिच्यात रबराचा, ब्रेकचा चुरा नव्हता.

गंमत अशी की जी स्थिर वीज गाडीवर नकोशी वाटते, तीच श्वास वाचवते. एन-९५ मास्कच्या आतल्या थरातील तंतूंना कायमस्वरूपी विद्युतभार दिलेला असतो. जाळीतून सहज निसटतील असे कण त्यामुळे तंतूंना चिकटतात. म्हणूनच असा मास्क साबणाने धुतला की दिसायला स्वच्छ होतो, पण त्याची गाळण्याची शक्ती घटते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतही राख पकडायला स्थिर विजेचीच यंत्रणा असते. म्हणजे विज्ञानाला धूळ पकडता येते. ती कुठे पकडायची, हा प्रश्न माणसांचा आहे.

घरच्या पातळीवरचे उत्तर सोपे आहे. गाडी कोरड्या फडक्याने किंवा झुबक्याने झटकणे बंद करावे. कोरडे घासणे म्हणजे पृष्ठभागावर नव्याने भार चढवणे, म्हणजेच पुढच्या धुळीला आमंत्रण. वाळूतले गारगोटीसारखे कण रंगाच्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात, त्यामुळे बारीक ओरखडेही पडतात. आणि झटकलेली धूळ जाते ती झटकणाऱ्याच्या नाकात. वॉशिंग सेंटरवर दिवसभर हे काम करणाऱ्या पोरांच्या तोंडाला बहुधा रुमालही नसतो. सावलीत, गाडी थंड असताना, आधी ओल्या फडक्याने कण उचलून घ्यावेत आणि मग पुसावे. ओलाव्यामुळे भार निघून जातो आणि कणही उडत नाहीत. त्यासाठी पाइप सोडण्याची गरज नाही. एक-दोन बादल्या पुरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्याने विसरू नये.

मात्र रस्त्यावरची धूळ बादलीभर पाण्याने आवरणार नाही. ते काम नगरपालिका, महापालिका आणि बांधकाम खात्याचे आहे. रस्त्यांच्या कडा पक्क्या करणे, खोदलेले चर वेळेत बुजवणे, वाळू-मुरमाच्या गाड्यांना ताडपत्रीची सक्ती करणे आणि कोरड्या झाडूने धूळ उडवण्याऐवजी ती उचलून नेणे, यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरे आली. परभणी त्या यादीत नाही. पण यादीत नाव नसणे म्हणजे हवा स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

अँटी-स्टॅटिक पॉलिशने गाडी कदाचित थोडा वेळ अधिक चमकेल. पण तिच्यावर न बसलेली धूळ नाहीशी होत नाही. ती शाळेत चालत जाणाऱ्या मुलांच्या, हातगाडीवाल्याच्या आणि चौकात उभ्या पोलिसाच्या श्वासात जाते. म्हणून बोनेटवर बोटाने रेघ ओढून पॉलिशवाल्याला जाब विचारण्याआधी तोच प्रश्न वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारलेला बरा.