युद्ध केव्हा संपते?

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले आणि नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. दुष्काळी उन्हाळ्यात जलाशय आटला, म्हणजे जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात. ते पाहून मूळ गावकऱ्यांच्या मनात काय कालवाकालव होत असेल, हे सांगावयास नको. त्यांचे दुःख लहान नव्हे. पण त्यांच्या त्यागातून मराठवाड्यातील शेतीला पाणी मिळाले, आणि त्यांची भाषा व मुलूख त्यांना सोडावा लागला नाही. ज्यांचे गाव युद्धात जाते, त्यांच्या वाट्याला एवढेही समाधान येत नाही. याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावी सापडते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला व दुसरे महायुद्ध पेटले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून रशियन सैन्य पोलंडमध्ये शिरले. पुढील फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे धाडण्यात आले. थंडीने व उपासमारीने कित्येकांचा बळी घेतला. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हा या लोकांची सुटका झाली. धडधाकट पुरुष नव्या पोलिश सैन्यात दाखल झाले. स्त्रिया, मुले व वृद्ध १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. त्यांतील काही जण हिंदुस्थानात आले. जामनगरच्या महाराजांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला; आणि वळिवड्यास १९४३ पासून सुमारे ५,००० माणसांची वसाहत नांदू लागली.

लांबच लांब बराकींच्या त्या वसाहतीत शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. मुले पंचगंगेत पोहत. शाळेत मात्र पोलिश भाषेतून पोलंडचाच इतिहास आणि भूगोल शिकवीत. कारण उघड होते. युद्ध संपताच घरी जावयाचे होते! कित्येक मुलांचे वडील व भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैन्याने तेथील माँटे कॅसिनो जिंकले. त्याच इटलीत मराठा पलटणीचे जवानही होते, आणि १० जुलै १९४४ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे तेथे धारातीर्थी पडले. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोठले रायगड, कोठले पोलंड, आणि रक्त सांडले ते इटलीच्या मातीत!

पुढे जय झाला, पण कोणाचा? फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांचे पुढारी जमले व त्यांनी पोलंडचा पूर्वभाग रशियाला देण्याचे ठरविले. त्या बैठकीस पोलंडचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्या देशावरील हल्ल्याने युद्ध सुरू झाले, जो देश जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढला, त्याच देशाच्या मुलांची गावे परक्या सत्तेखाली गेली. भरपाई म्हणून पोलंडला पश्चिमेकडील जर्मन मुलूख मिळाला; तेथून मग जर्मन लोकांना घालवून दिले गेले. म्हणजे एकाचे घर गेले, त्याची भरपाई दुसऱ्याला बेघर करून झाली. याला न्याय म्हणावयाचे काय?

युद्धाने केलेली हानी कालांतराने भरून येते, असे काही जण म्हणतात. वॉर्सा शहर १९४४ मध्ये बेचिराख झाले होते. त्याचा जुना भाग पुन्हा जसाच्या तसा उभारण्यात आला, हे खरेच आहे. दगडविटांपुरते त्यांचे म्हणणे मान्य करता येईल. परंतु वळिवड्याच्या मुलांना कोणते घर बांधून देणार होते? उरलेल्या पोलंडमध्ये रशियाच्या वर्चस्वाखालील सरकार आले होते; तेथे जाण्याचे अनेकांना भय वाटले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही जण पोलंडला गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. इतिहासाच्या पुस्तकात युद्धाच्या समाप्तीचे वर्ष १९४५ असे छापलेले असते. या मुलांपुरते ते वर्ष चुकीचे आहे.

कोल्हापूरच्या आतिथ्याची आठवण पोलंडने ठेवली. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. त्याचा अभिमान अवश्य वाटावा. मात्र त्या अभिमानाच्या भरात, हे पाहुणे आपल्या इच्छेने आलेले नव्हते, याचा विसर पडू नये.

वळिवड्याच्या बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तेथे राहू लागली. त्यांचीही गावे आता परदेशात होती. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून आज ती प्रसिद्ध आहे.