वेग राहू द्या, तुटणं मोजा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खंड पडला. आता नीट दिसतंय, आणि नीट दिसायला लागलं की भांडावंसं वाटतं! तेव्हा आजचा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

निमित्त नातवाचं. तो एम.टेक. करतोय. दिवाळीच्या सुट्टीत इथे दीपनगरला आमच्या क्वार्टरवर आला होता. "तुझा प्रबंध कशावर रे?" असं विचारलं तर त्याने एका दमात इंग्रजी नाव म्हटलं. मी ते तीनदा म्हणायला लावलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं मराठी केलं : 'अनेक अँटेना असलेल्या सहकारी बिनतारी रिले जाळ्यांची कामगिरी'. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेली बाई. 'सहकारी' म्हटलं की मला आमच्याकडची केळीची फ्रूटसेल सोसायटी आठवते. पण 'रिले' शब्द आपल्या पिढीला नवा नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर रिले केंद्र झाल्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. मधल्या उंच जागेवर कोणीतरी ऐकायचं आणि पुढच्याला सांगायचं, एवढाच रिलेचा अर्थ.

आता हा विषय मला का झोंबला ते सांगते. घरच्या मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

माझी धाकटी बहीण रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहते. २०२३ च्या पावसाळ्यात एका पहाटे तिच्या यजमानांचा डावा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. शेजारच्या गावातल्या जीपवाल्याला फोन करायचा, तर फोनवर एकही दांडी नाही. गाव आणि टॉवर यांच्या मधे टेकडीची सोंड आली आहे. बहीण चिखलातून त्या टेकडीवर चढली तेव्हा फोन लागला. दीड तास गेला. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणतात. त्यातला दीड तास आमचा टेकडीने खाल्ला. मेहुणे वाचले, पण डावा हात गेला तो गेलाच. फोन लगेच लागता तर हात वाचला असता, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण दीड तास हा दीड तास असतो. आणि त्याच महिन्यात माझ्या फोनवर कंपनीचा संदेश आला होता की आता आपल्या भागात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेग! मोबाईल कंपनीचं नाव घेत नाही. सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच.

मी नातवाला विचारलं, "तुझ्या त्या जाळ्यांनी माझ्या बहिणीचा फोन लागला असता का?" त्यावर तो स्वयंपाकघरातल्या डब्यांवर डबे मांडून मला शिकवायला बसला. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

बिनतारी लहर सरळ एका वाटेने येत नाही. भिंतींवर, टेकड्यांवर, झाडांवर आपटून अनेक वाटांनी येते. कुठे त्या लहरी एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम सतरा सेंटिमीटर, म्हणून फोन हातभर सरकवला की कधी 'रेंज' येते, कधी जाते. आता समजा एक अँटेना दहातल्या एका वेळी बहिरी होते. दोन अँटेना अंतर राखून ठेवल्या, एकीच्या बहिरेपणाचा दुसरीशी संबंध नसला, तर दोन्ही एकदम बहिऱ्या होण्याची पाळी शंभरात एकदा. तीन असतील तर हजारात एकदा. गणित सातवीचं आहे.

पण एवढ्याशा फोनमध्ये किती अँटेना मावणार? म्हणून सहकार. मधे उभं असलेलं दुसरं यंत्र तुमचं ऐकतं आणि पुढे सांगतं, म्हणजे त्याची अँटेना तुमच्या उपयोगी पडते. शिवाय अंतर तुटतं. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झालं की लहरीची ताकद चौथाई होते, पण जमिनीलगत ती सोळाव्या हिश्श्यापर्यंतही उतरू शकते. म्हणून मधल्या एका लहानशा रिलेने जे होतं, ते टॉवरचा जोर नुसता वाढवून होत नाही. आणि टेकडीची सोंड मधे आली असेल तर जोर वाढवून काय उपयोग? सोंडेच्या माथ्यावर उभा राहून दोन्हीकडे बघणारा कोणीतरी हवा.

रिलेही दोन जातीचे. एक, जे ऐकलं ते खरखरीसकट मोठ्याने ओरडणारा. दुसरा, आधी समजून घेणारा, मग स्वच्छ सांगणारा. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारचे मॉनिटर होऊन गेले! समजून सांगणाराही चुकीचं समजला तर ठामपणे चुकीचं सांगतो. म्हणून शहाणा रिले, नीट ऐकू आलं नाही तर गप्प बसतो. (हे शेवटचं वाक्य मी आमच्या काही नातेवाइकांना उद्देशून लिहिलेलं नाही.)

इथवर सगळं छान. मग नातू म्हणाला, "पण आजी, रिले साधारणपणे एका वेळी ऐकतो आणि दुसऱ्या वेळी बोलतो. म्हणजे वेळ दुप्पट, वेग निम्मा." मी म्हटलं, "अरे, शून्याचा निम्मा किती?" तो हसला. म्हणाला, "तेच तर. आमच्या शोधनिबंधांत वेगाइतकंच तुटणं मोजतात. जाहिरातीत मोजत नाहीत."

माझं भांडण नेमकं इथे आहे.

रिलेच्या गणिताची सुरुवात १९७१ मध्ये व्हान डर म्युलेन यांनी केली, १९७९ मध्ये टॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांनी ते पुढे नेलं. सहकारी जाळ्यांवर लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांचा गाजलेला निबंध २००४ चा, आणि त्याच्या शीर्षकातच 'आउटेज' आहे. म्हणजे संपर्क तुटण्याचा हिशेब. अनेक अँटेनांच्या कल्पनेशी तर आपल्या मातीचा संबंध आहे. थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, १९३५ चा, इंजिनिअरिंगही पुण्यातच. आरोग्यस्वामी पॉलराज हे नौदलातले, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. या दोघांना अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना १९९४ मध्ये पेटंट मिळालं. एकच प्रवाह तुकड्यांत वाटायचा, ते तुकडे वेगवेगळ्या जागच्या प्रक्षेपकांवरून एकाच लहरपट्ट्यात पाठवायचे आणि घेणाऱ्याने अनेक अँटेनांनी ते वेगळे करायचे, अशी ती युक्ती. आज तुमच्या-माझ्या फोनच्या वेगामागे हीच कल्पना आहे.

पण याच शास्त्राने आणखी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे. २००३ मध्ये झेंग आणि त्से यांनी दाखवलं की जास्तीच्या अँटेनांची कमाई दोन प्रकारे खर्च करता येते : वेगासाठी किंवा भरवशासाठी. थोडं इकडे, थोडं तिकडे करता येतं, पण दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.

म्हणजे ही निवड आहे, मंडळी! निसर्गाने वेग लादलेला नाही. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की कमाई वेगावर खर्च करायची आणि त्याच आकड्याचे फलक लावायचे. ते ठरवताना टेकडीपलीकडच्या माणसाला कोणी विचारलं?

आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीजवळच्या नळाला धो-धो पाणी येतं. तेवढं दाखवून कोणी 'पाणीपुरवठा उत्तम' असा अहवाल दिला, तर शेवटच्या ओळीतल्या बायका त्याला घागर घेऊन मारायला धावतील. मग टॉवरखाली उभं राहून मोजलेला वेग आम्ही मुकाट्याने का ऐकून घ्यायचा?

कोणी म्हणेल, सरकार तुटणंही मोजतं. हो, मोजतं. बोलता बोलता कॉल तुटण्याला २ टक्क्यांची मर्यादा होती, आणि ती बरीच वर्षं होती. पण जो कॉल लागलाच नाही तो तुटणार कसा? माझ्या बहिणीचा त्या पहाटेचा एकही कॉल 'तुटला' नाही. त्या हिशेबात तिचं गाव शंभर टक्के सुखी. २०२४ च्या ट्रायच्या नियमांनी एक चांगली गोष्ट केली : जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. पण जिल्हा! जळगाव जिल्हा अख्खा बंद पडायला हवा. एका पाड्याचं रोजचं बंद असणं मोजायला इतकं बारीक माप नको का?

दुसरा आक्षेप खर्चाचा. डोंगरातल्या चाळीस घरांसाठी टॉवर परवडत नाही, हे मला मान्य आहे. दुकान चालवणाऱ्याला मी नफा सोड म्हणत नाही. पण टॉवर मागतंय कोण? आय.आय.टी. मुंबईने प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने पालघर जिल्ह्यात 'ग्राममार्ग' प्रकल्प केला. टीव्हीसाठी राखलेल्या लहरींमधल्या रिकाम्या जागा वापरून त्यांनी खेड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं. पुढे परवाना न लागणाऱ्या लहरींवर तो वाढवला. २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पहिला क्रमांक मिळाला. ग्रामपंचायतीपर्यंत तार आणि तिथून पुढे पाड्यापर्यंत बिनतारी टप्पा. शाळेच्या छपरावर किंवा टेकडीवरच्या खांबावर मावेल एवढं यंत्र आणि सौर पॅनेल एवढ्यात हे भागतं. माझ्याच महाराष्ट्रात झालेली गोष्ट आहे ही.

त्याच २०१७ साली ५-जीचे निकष ठरत असताना भारताने जगाला सांगितलं की आमची खेडी विरळ आहेत, सहा किलोमीटर अंतरावरचे टॉवर धरूनही तुमचं तंत्र चालतं का ते तपासा. ते चाचणीच्या नियमांत घेतलं गेलं. म्हणजे तक्रार नीट मांडली तर जगाच्या टेबलावरही ऐकली जाते.

तिसरा आक्षेप नातवाचाच. "आजी, सहकार गणितात सोपा आहे, कंपन्यांत नाही. प्रत्येकीचा टॉवर वेगळा." हा मुद्दा खरा आहे. पण १७ जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४-जी टॉवरांवर एकमेकींच्या ग्राहकांना सेवा देण्याची सोय सुरू केली. सरकारच्या पैशाने उभ्या राहिलेल्या टॉवरवर हे जमतं, तर आडगावच्या प्रत्येक टॉवरवर आणि रिलेवर का नाही? एकाच टेकडीवर तीन कंपन्यांचे तीन खांब, किंवा एकीचाही नाही, यापेक्षा तिघींचा मिळून एक बरा. आमच्या केळीवाल्यांनी ट्रकसाठी सोसायट्या केल्या, त्या काही प्रेमापोटी नाही. एकट्याला परवडत नव्हतं म्हणून केल्या.

एक कबुली देते. टॉवरजवळ राहणाऱ्याला रिलेचा उपयोग नाही, उलट तोटाच, हे नातवाने आलेख काढून दाखवलं. तेव्हा सरसकट सगळीकडे रिले लावा असं मी म्हणत नाही. जिथे सरळ वाट बंद आहे तिथे लावा. आणि कामगिरी सांगताना शेवटच्या घराचा आकडा आधी सांगा : महिन्यातले किती तास तिथे फोन लागू शकत नव्हता. रेशन दुकानाबाहेर शिल्लक साठ्याचा फलक असतो, तसा हा आकडा ग्रामपंचायतीबाहेर खडूने लिहिला तरी चालेल. नेटवर बघा असं सांगू नका. ज्याला नेट नाही, त्याने नेटवर काय बघायचं?

मी राहते त्या गावाचं नाव दीपनगर. इथल्या औष्णिक केंद्राची वीज तारांवरून टप्प्याटप्प्याने, उपकेंद्रामागून उपकेंद्र करत, दूरवर जाते. एकाच मोठ्या चिमणीने सगळा महाराष्ट्र उजळेल अशी कल्पनासुद्धा कोणी केली नाही. मग संपर्काच्याच बाबतीत एका उंच टॉवरची एवढी भक्ती का?

नातू परवा परत गेला. जाताना म्हणाला, प्रबंधात तुटण्याचा आलेख वेगाच्या आलेखाच्या आधी टाकतो. मार्क कमी झाले तर मात्र आजीला जबाबदार धरणार आहे म्हणे. चालेल.

तुमच्या गावातलं शेवटचं घर कोणतं आणि तिथे दांड्या किती, हे मला जरूर लिहून कळवा. बहिणीच्या गावचा आकडा मी कॅलेंडरवर खुणा करून मोजायला सांगितला आहे. कळला की इथे लिहीनच.