शरीराचा संयम

सकाळच्या वेळी बोरिवलीच्या वा मुलुंडच्या एखाद्या उद्यानात ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्याजवळून गेल्यास एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी आपण काय घेता?’ कोणी काढा सुचवतो, कोणी चूर्ण, कोणी गोळ्या. प्रतिकारशक्ती ही जणू बँकेतील ठेव. जितकी अधिक तितकी बरी, अशी आपली समजूत असते. आज या समजुतीची दुसरी बाजू पाहू.

आपल्या रक्तातील टी-पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. जंतूंनी ग्रासलेल्या पेशी ओळखून त्या नष्ट करतात. परंतु पहारेकऱ्याच्या हाती शस्त्र असले, की ते कधी म्यान करावे हेही त्याला कळले पाहिजे. त्यासाठी टी-पेशींच्या पृष्ठभागावर एक रेणू असतो. त्याचे नाव पीडी-१. शरीरातील निरोगी ऊतींवर असलेला पीडी-एल१ हा त्याचा जोडीदार त्याला भेटला, की टी-पेशी शांत होते. जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधून काढला. पुढे हा रेणू नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा वय वाढता वाढता त्यांचे सांधे सुजले, मूत्रपिंडे बिघडली. बाहेरून कोणताही शत्रू आला नव्हता. स्वतःचेच पहारेकरी घरावर उलटले होते.

या संयमाला शास्त्रज्ञ ‘सहिष्णुता’ म्हणतात. ती राखणारा पीडी-१ हा एकटाच नव्हे. हेच काम करणाऱ्या नियंत्रक टी-पेशींच्या संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सहिष्णुता ढळली, की आमवात, थायरॉइडचे काही विकार, लहानपणी जडणारा मधुमेह असे आजार उद्भवतात. त्या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिचा लगाम सुटलेला असतो.

कर्करोगाची पेशी याच लगामाचा गैरफायदा घेते. ती अंगावर पीडी-एल१ मिरवते आणि पहारेकऱ्याला भासवते, की मी घरचीच आहे. पीडी-१ झाकून टाकणारे निवोलुमॅबसारखे औषध दिले, की हा बनाव उघडा पडतो आणि टी-पेशी पुन्हा कामाला लागतात. या विचाराच्या पायाभरणीसाठी होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

औषध प्रभावी, परंतु किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. येथे आपल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम मोलाचे ठरले. तोंडाचा व घशाचा कर्करोग बळावून पूर्ण बरा होण्याची आशा न उरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास तेथील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांना तोंडावाटे घ्यावयाची तीन औषधे दिली गेली. निम्म्या रुग्णांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब मिळाले. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षाअखेरीस नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १६ रुग्ण हयात होते. निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ४३. हा आजार त्यामुळे नाहीसा झाला असे नव्हे. परंतु अनेकांना घरच्यांसोबत आणखी काही महिने मिळाले.

घाटकोपर-मुलुंडहून परळला, किंवा अंधेरी-बोरिवलीहून प्रभादेवीला उतरून आपल्या वडिलांना वा आईला अशा उपचारासाठी नेणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. लगाम सैल केला, की टी-पेशी निरोगी अवयवांवरही धावून जाऊ शकतात. वारंवार जुलाब होणे, नवा खोकला वा धाप लागणे, डोळे पिवळे दिसणे, अंगावर पुरळ येणे, छातीत दुखणे, सतत तहान लागणे, अथवा कमालीचा थकवा येणे, ही त्याची चिन्हे असू शकतात. ती उपचार सुरू होताच दिसतील असे नाही; काही महिन्यांनी, क्वचित उपचार थांबल्यानंतरही दिसतात.

घरातील ज्येष्ठ व्यक्ती थकली, तर ‘वय झाले’ असे आपण सहज म्हणून जातो. जुलाब झाले, तर बाहेरचे काही खाल्ले असेल, असे म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणतो. या रुग्णांच्या बाबतीत तसे करू नये. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. धाप किंवा छातीत दुखणे असल्यास थेट रुग्णालय गाठावे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर इम्युनोथेरपी चालू आहे किंवा झाली आहे, हे आधी सांगावे आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवावी. वेळीच ओळखल्यास बहुतेक त्रास स्टेरॉइडने आटोक्यात येतात. मात्र ते स्टेरॉइड मनाने बंद करू नयेत.

आता पुन्हा त्या काढ्याकडे वळू. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींच्या यकृतात स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या खुणा आढळल्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर हरकत घेतली. वापरलेली वनस्पती गुळवेलच होती का, असा प्रश्न उपस्थित केला. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्यापुरता बोध इतकाच, की आमवात, थायरॉइड वा यकृताचा विकार असलेल्यांनी, तसेच कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना न विचारता ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काहीही सुरू करू नये. जे घेत असाल, ते न संकोचता त्यांना सांगावे.

उद्या कट्ट्यावर तोच प्रश्न निघाला, तर आपण उत्तर द्यावे : प्रतिकारशक्ती वाढवण्यापेक्षा ती समतोल राखणे महत्त्वाचे. चांगला पहारेकरी शत्रूवर तुटून पडतो, आणि घरच्यांसाठी दारही तोच उघडतो.